खातेवहीला कुलूप, किल्ली चोराच्या हाती

हिंगणघाटच्या बाजारात चार व्यापारी एकत्र बसले की आधी कापसाचा भाव निघतो, मग सूरतच्या मालाचा भाव निघतो, जीएसटीच्या विवरणपत्राची कटकट निघते आणि अखेरीस गाडी उधारीच्या वसुलीवर येऊन थांबते. मात्र ज्या खात्यावरून ही वसुली करावयाची, ते खाते एखाद्या सकाळी उघडलेच नाही तर काय, हा प्रश्न आम्ही कोणाच्या तोंडून ऐकला नाही. आम्हीही तो कधी विचारला नव्हता. मे २०१९ मध्ये तो आमच्याच दुकानात येऊन उभा राहिला, म्हणून आज त्यावर चार शब्द लिहीत आहोत.

रमजानचा महिना होता. ईदच्या कपड्यांची गर्दी, त्यातच लग्नसराई. सकाळी दुकान उघडून पुतण्याने संगणक सुरू केला. हिशेबाच्या सर्व फाइली जागच्या जागी दिसत होत्या, पण प्रत्येकीच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागले होते आणि एकही उघडत नव्हती. सोबत इंग्रजीतील एक चिठ्ठी होती. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले, म्हणून पुतण्याने ती वाचून दाखविली. आशय असा होता: तुमच्या फाइलींना कुलूप लावले आहे. किल्लीची किंमत ९८० डॉलर. ७२ तासांच्या आत संपर्क साधल्यास निम्मी सवलत, म्हणजे ४९० डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे चौतीस हजार रुपये. ईदला आम्ही ग्राहकाला दहा टक्के सूट देतो; चोराने आम्हाला पन्नास टक्के दिली होती!

त्या संगणकात तीन प्रकारचे हिशेब होते. अल्लीपूर, वडनेर, समुद्रपूरकडील ग्राहकांची उधारी. सूरत, भिवंडी, मालेगावच्या पार्ट्यांचे देणे. आणि आमच्यासाठी पिको-फॉल, शिलाई व जरीकाम करणाऱ्या कारागिरांची मजुरी. कारागीर आठवड्याला खर्चापुरते पैसे नेत व बाकी "ईदला घेऊ" म्हणून आमच्याकडेच ठेवीत. कामाच्या चिठ्ठ्या संगणकात चढविल्या की आम्ही फाडून टाकत असू. हिशेबाची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर होती खरी, पण तो पेन ड्राइव्ह रात्रंदिवस संगणकालाच लावलेला असे. त्यालाही कुलूप लागले.

आम्ही पैसे दिले नाहीत. ज्या कारागिराकडे संगणक दुरुस्तीला दिला, त्याने दुसऱ्या दिवशी सर्व डिस्क पुसून नव्याने भरून दिली. काम चोख झाले म्हणून आम्ही त्याचे आभारही मानले. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये कळले की आमच्यावर आला तो ‘स्टॉप’ या नावाने ओळखला जाणारा व्हायरस होता, आणि एमसिसॉफ्ट या कंपनीने त्याच्या १४८ प्रकारांवर कुलूप उघडण्याचे साधन फुकट उपलब्ध करून दिले होते. किल्ली आली, पण तोवर पेटीच उरली नव्हती. ती डिस्क आम्ही कपाटात ठेवून दिली असती, तर पाच महिन्यांनी का होईना, हिशेब मिळण्याची आशा होती.

पार्ट्यांनी आपापले खाते पाठविले व त्यांनी लिहिला तो आकडा आम्हाला मान्य करावा लागला. कर सल्लागाराकडे एकूण विक्रीचे आकडे होते, पण नावानिशी उधारी नव्हती. अनेक ग्राहक आपण होऊन आले व देणे सांगून गेले. काही गप्प राहिले. कारागिरांना आम्ही प्रत्येकाला विचारले व त्याने सांगितले तेवढे दिले. एका बाईने सांगितलेली रक्कम आमच्या आठवणीपेक्षा कमी होती. तिचा हिशेब चुकला की आमची आठवण, हे ठरवायला कागदच नव्हता. आम्ही जास्तीची रक्कम दिली, तिने संकोचाने घेतली. मात्र जे आकडे आम्हाला आठवलेच नाहीत, त्यांचे काय, ही टोचणी आजही मनातून गेलेली नाही.

हे संकट आहे तरी काय

या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस. तो माल पळवीत नाही. तो तुमच्या फाइलींचे असे गुंतागुंतीचे रूपांतर करतो की गुप्त किल्लीवाचून त्या पूर्ववत होत नाहीत, आणि किल्ली चोरापाशी असते. तुमचा माल तुमच्याच गोदामात, पण शटरला चोराचे कुलूप, असा हा मामला आहे. अलीकडे कुलूप लावण्यापूर्वी माहितीची नक्कल काढून नेण्याची व पैसे न दिल्यास ती उघड करण्याची धमकी देण्याची रीतही रूढ झाली आहे.

हा धंदा नवा नाही. १९८९ मध्ये एड्स रोगाची माहिती देण्याच्या बहाण्याने सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने पाठविण्यात आल्या होत्या. ज्यांनी त्या लावल्या, त्यांच्या संगणकावर काही दिवसांनी १८९ डॉलर पनामा देशातील एका टपाल पेटीवर पाठविण्याची मागणी झळकली. त्या काळी पैसे वसूल करणे चोराला जड जात होते. बिटकॉइनसारखे आभासी चलन आल्यापासून ती अडचण दूर झाली आणि हा धंदा फोफावला.

आपल्या राज्यातील अनुभव

महाराष्ट्राने हे संकट जवळून पाहिले आहे. मे २०१६ मध्ये खुद्द मंत्रालयातील सुमारे दीडशे संगणकांना ‘लॉकी’ नावाच्या अशाच व्हायरसची लागण झाली. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम बंद पाडले, ते टर्मिनल चालविणाऱ्या मर्स्क कंपनीच्या जगभरातील संगणकांवर तो पसरला होता.

२१ मार्च २०२१ च्या पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची संगणक यंत्रणा अशीच बंद पडली. आमच्या हिंगणघाटसह राज्यभर ज्यांच्या औद्योगिक वसाहती आहेत, तेच हे महामंडळ. मुख्यालय व सोळा प्रादेशिक कार्यालयांचे संगणकावरील काम ठप्प झाले. पाचशे कोटींच्या मागणीच्या बातम्या आल्या. महामंडळाने मात्र चिठ्ठीत रक्कम नमूद नसल्याचे सांगितले. त्याच निवेदनातील एक गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. वेगळ्या जोडणीवर ठेवलेल्या प्रतींना लागण झाली नाही, असे महामंडळाने कळविले होते.

३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवरील हल्ल्यामुळे देशातील सुमारे तीनशे लहान बँका, त्यांत सहकारी व ग्रामीण बँका आल्या, पैसे देण्याघेण्याच्या राष्ट्रीय यंत्रणेपासून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. पण अशा बँकेत ज्याचे खाते आहे, त्या लहान दुकानदाराचे मोबाइलवरील व्यवहार, स्वतःच्या संगणकाला काही न होताही, एका दिवसाकरिता अडले.

लहान दुकान चोराला का आवडते

"आमच्यासारख्या फाटक्या दुकानदाराकडे चोराला मिळणार काय?" असे व्यापारी बांधव म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. पण ४९० डॉलर ही किंमत पाहा. मंत्रालयाकडून किंवा बंदराकडून कोणी चौतीस हजार रुपये मागत नाही. तो दर आपल्यासाठीच ठरविलेला आहे: इतका मोठा की चोराला परवडावा आणि इतका लहान की दुकानदाराने पोलिसांत जाण्यापेक्षा देऊन मोकळे व्हावे. चोर आपले नाव-गाव पाहत नाही. तो हजारो दारे एकाच वेळी ठोठावतो. ज्याची कडी सैल, तेथे शिरतो.

आमच्या दाराची कडी आम्हीच सैल केली होती, हेही कबूल केले पाहिजे. ‘स्टॉप’ व्हायरस प्रामुख्याने फुकटच्या चोरट्या सॉफ्टवेअरमधून पसरत असे. आमच्या संगणकातही काही सॉफ्टवेअर असेच, पैसे वाचविण्यासाठी, कुलूप तोडून घातलेले होते. चोरीचा माल आपण दुकानात ठेवायचा आणि चोर घरात शिरला म्हणून ओरड करायची, हे शोभत नाही. थानातील अर्धा मीटर कमी भरला तर आपण पार्टीला फोन करून हैराण करतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र फुकटचे ते पौष्टिक मानतो.

आणि मोठेपण वाचविते असेही नाही. ब्रिटनमधील केएनपी ही १८६५ पासूनची मालवाहतूक कंपनी. सुमारे पाचशे ट्रक. २०२३ मध्ये एका कर्मचाऱ्याचा सोपा पासवर्ड ओळखून चोर आत शिरले असे मानले जाते. हिशेबाची माहिती परत मिळाली नाही, कंपनी बुडाली आणि सुमारे सातशे लोकांची रोजी गेली. दीडशे वर्षांची पेढी एका शब्दावर गेली.

खंडणी द्यावी काय?

ज्याच्या दुकानाला कुलूप लागले, त्याला उपदेश करणे सोपे आहे. त्या ७२ तासांत आम्हीही डगमगलो होतो. पैसे दिले असते तर कारागिरांचा हिशेब मिळाला असता, हा विचार आजही येतो. तरीही आमचे मत असे की देऊ नयेत.

याचे पहिले कारण व्यवहाराचे आहे. ज्याचा पत्ता नाही, ज्याच्यावर दावा लावता येत नाही, त्याला आगाऊ रक्कम देऊन माल येण्याची वाट पाहणे कोणत्या बाजारात शहाणपणाचे मानतात? ‘नॉटपेट्या’च्या वेळी तर पैसे देऊनही फाइली उघडणे शक्य नव्हते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या तेलवाहिनी कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. किल्ली मिळाली, पण ती इतकी संथ चालली की कंपनीला आपल्याच राखीव प्रतींवरून काम सुरू करावे लागले. दुसरे कारण असे की आपण दिलेल्या चौतीस हजारांवर चोराचा धंदा चालतो आणि तो पुढच्या दुकानाचे दार ठोठावतो.

हिशेब एकट्या मालकाचा नसतो

या प्रसंगातून आम्ही जे शिकलो, ते हे की खातेवही आपली मालमत्ता आहे असे आपण समजतो, पण तिच्यात इतरांचे हक्क लिहिलेले असतात. कारागिराची मजुरी, ग्राहकाने भरलेला हप्ता, पार्टीचे देणे. चोराने आमच्याकडे खंडणी मागितली, पण ओलीस धरली होती त्या कारागीर बाईची मजुरी. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण सारे जाणतो. लिहिणे जर कर्तव्य आहे, तर लिहिलेले जपणे हेही त्याच कर्तव्यात येते. ती अमानत आहे.

देशाचा कायदाही तेच सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. आणि नियम ५७ प्रमाणे संगणकावरील हिशेबाची राखीव प्रत ठेवणे बंधनकारक आहे. किती दुकानांत हा नियम पाळला जातो, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

काय करावे

मर्स्क कंपनीचा एक प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २०१७ च्या त्या हल्ल्यात तिच्या संगणक-जाळ्याचा मूळ नकाशा जपणारे जगभरातील सर्व मुख्य संगणक पुसले गेले. फक्त आफ्रिकेतील घाना देशातले एक यंत्र वाचले, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती व ते जाळ्यापासून तुटलेले होते. त्या एका प्रतीवरून एवढी प्रचंड कंपनी पुन्हा उभी राहिली. भारनियमनाला शिव्या देणाऱ्या आम्हा वैदर्भीयांना यात हसूही येईल; पण सारे सार त्यातच आहे. जी प्रत तारेला जोडलेली नाही, तीच वाचते.

म्हणून दोन पेन ड्राइव्ह घ्यावेत; एका बऱ्या साडीच्या किमतीत येतात. एका जुम्याला एकावर व दुसऱ्या जुम्याला दुसऱ्यावर हिशेबाची प्रत काढावी, काम होताच तो काढून घ्यावा व घरी कपाटात ठेवावा. दोन्ही एकाच वेळी संगणकाला कधीही लावू नयेत. इंटरनेटवर आपोआप जाणाऱ्या प्रतीवर विसंबून राहू नये; कुलूप लागलेली फाइलही तशीच वर चढू शकते. तीन महिन्यांतून एकदा ही प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी उघडून पाहिली नाही, ती प्रत आहे असे समजू नये.

महिनाअखेर उधारीची व कारागिरांच्या मजुरीची यादी कागदावर छापून घ्यावी. कारागिराच्या यादीवर त्याची सही घ्यावी व एक कागद त्यालाही द्यावा. आम्ही हे २०१९ पासून करीत आहोत. कारागीर बांधवांनीही तो कागद मागून घ्यावा. मागण्यात अविश्वास नाही.

सॉफ्टवेअर विकत घेतलेलेच वापरावे व कंपनीकडून येणारी दुरुस्ती टाळू नये. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर दीडशे देशांत पसरला, तेव्हा त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, ते सापडले. विंडोज ७ ची दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली आणि विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे. जुना संगणक टाकवत नसेल तर त्यावर केवळ हिशेब करावा, इंटरनेट जोडू नये. अनोळखी ईमेलला जोडून आलेले ‘थकीत बिल’ उघडू नये. दुरुस्तीवाला दुरून संगणक हाताळण्यासाठी जी वाट ठेवून जातो, ती काम होताच बंद करून घ्यावी. आमच्यासारख्या उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेल्यांची एक खोड असते: पडद्यावर इंग्रजी सूचना आली की न वाचता ‘यस’ दाबणे. ती आधी मोडावी. समजत नसेल तर दाबू नये, घरातील शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला वाचायला सांगावे.

आणि एवढे करूनही प्रसंग आलाच, तर प्रथम इंटरनेटची तार काढावी. चिठ्ठीचा फोटो घ्यावा. डिस्क पुसू देऊ नये. कामाला नवी डिस्क घालावी व जुनी कपाटात ठेवावी. युरोपोल व नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये काही कंपन्यांसह सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अनेक व्हायरसांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसेल ती उद्या येऊ शकते. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. केंद्राच्या सर्ट-इन संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार व्यावसायिक संस्थांनी असा प्रकार सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे, आणि लहान उद्योगांनाही तो २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला.

तक्रार करण्यात लाज कसली? दुकान फोडले गेले तर आपण सारा मोहल्ला गोळा करतो. संगणक फोडला गेला की मात्र पत जाईल म्हणून गप्प बसतो. आम्हीही २०१९ मध्ये गप्प बसलो. त्याच काळात गावातील आणखी कोणाच्या दुकानात तेच घडले असेल, तर त्याला आमच्या अनुभवाचा उपयोग झाला नाही आणि आम्हाला त्याच्या अनुभवाचा झाला नाही.

आमची व्यापारी संघटनांना एक सूचना आहे. दरवर्षी आपण स्नेहसंमेलन घेतो, सत्कार करतो. त्यातील एक दिवस यासाठी द्यावा. सर्वांनी मिळून एक जाणकार माणूस ठरवावा, त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक दुकानात जाऊन प्रत निघते की नाही व उघडते की नाही हे पाहावे. एकट्या दुकानदाराला हा खर्च जड जाईल. वीस दुकानांत वाटला तर चहाच्या खर्चाएवढा होईल. शिवणकाम करणाऱ्या भगिनींच्या बचत गटांनाही त्यात सामील करून घ्यावे, कारण त्यांचा हिशेबही आता मोबाइलवर आला आहे.

पुढच्या जुम्याला दुकान बंद करताना प्रत्येक व्यापाऱ्याने गल्ला मोजतो तसा हा एक प्रश्न स्वतःला विचारावा: उद्या हा संगणक उघडला नाही, तर कोणाचे किती देणे आहे, हे मी कोणत्या कागदावरून सांगणार? उत्तर नसेल, तर शटर ओढण्यापूर्वी तो पेन ड्राइव्ह लावावा, प्रत काढावी आणि खिशात घालून घरी न्यावा.